काल आलेलं अक्षर आज का येत नाही?

लेकरू 'क ख ग घ' घडाघडा म्हणतं. पाटीवर वीस वेळा 'ग' गिरवतं. दुसऱ्या दिवशी मधूनच एकटा 'ग' दाखवला की गप्प बसतं. मग पुन्हा गिरवणं, पुन्हा विसरणं, आणि शेवटी 'याच्या ध्यानातच राहत नाही' असा शिक्का बसतो. पहिलीच्या वर्गात आणि घरोघरी दर वर्षी हेच चालतं.

बहुतेक वेळा ते अक्षर विसरलेलं नसतं. ते आलेलंच नसतं. आलेलं असतं गाणं, किंवा कार्डावरचं चित्र, किंवा वरच्या ओळीची नक्कल. म्हणून आणखी गिरवून काही हाती लागत नाही. लेकरू नेमकं कुठं अडलंय ते आधी पाहायचं: डोळ्यापाशी, कानापाशी की हातापाशी. तिन्हींवरचा उपाय वेगळा आहे. कानाची अडचण असलेल्या लेकराकडून पन्नास वेळा लिहून घेतलं तर बोटं दुखतात, अडचण तिथंच राहते.

आधी दहा मिनिटांची तपासणी

जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूचे १० सेंमी बाय १० सेंमीचे चौकोन कापा. जाड काळ्या मार्करने एका कार्डावर एकच अक्षर काढा, साधारण ६ सेंमी उंच, शिरोरेषेसकट. समोरच्या बाजूला चित्र नको. वरचा उजवा कोपरा थोडा कापून टाका, म्हणजे कार्ड उलटं धरलं की लगेच कळतं. शिकवून झालेली दहा अक्षरं घ्या आणि क्रम मोडून तीन गोष्टी करून पाहा.

पाच कार्डं मांडा, तुम्ही अक्षर म्हणा, लेकराने कार्ड उचलावं. मग एकेक कार्ड दाखवा, लेकराने तीन सेकंदांत म्हणावं. शेवटी कार्ड न दाखवता तुम्ही म्हणा, लेकराने पाटीवर लिहावं. चुकलं तर त्या वेळी दुरुस्त करू नका, फक्त लिहून ठेवा. दुरुस्ती सुरू केली की लेकरू अक्षराकडे बघायचं सोडून तुमच्या चेहऱ्याकडे बघायला लागतं.

उचलता येतं पण म्हणता येत नाही, तर अक्षर निम्म्या वाटेवर आहे. आणखी चार-आठ दिवस खेळात फिरवलं की येतं. म्हणता येतं पण लिहिता येत नाही, तर अडचण हाताची. उचलतानाच चुकत असेल तर कोणत्या अक्षराऐवजी कोणतं उचललं ते पाहा. 'ध'ऐवजी 'घ' उचललं तर डोळ्याची गोष्ट आहे, 'ण'ऐवजी 'न' उचललं तर कानाची. हाताला लागेल ते कार्ड उचललं, तर लेकराजवळ अजून फक्त गाणं आहे.

गाणं पाठ, अक्षर कोरं

ओळखायची खूण सोपी आहे. 'घ' कुठला विचारलं की लेकराचे ओठ हलतात. ते तक्त्यावर 'क'पासून बोट सरकवत मनात म्हणत 'घ'पर्यंत पोचतं. तक्ता काढून घेतला की वाट संपली.

वर्णमालेचा क्रम शब्दकोश बघायला लागतो, अक्षर ओळखायला नाही. सुरुवात न, क, म, र आणि काना एवढ्यावर करा. या चौघांची वळणं एकमेकांपासून लांबची आहेत, आवाजही वेगळे आहेत, आणि पहिल्याच आठवड्यात नाक, कान, मका, रान, मामा, काका असे खरे शब्द तयार होतात. 'नाक' आणि 'कान' यांची कार्डं तीच, फक्त जागा बदलतात. हे लेकराच्या हातून घडू द्या. अक्षर कशासाठी असतं हे त्याला इथं कळतं. पुढं आठवड्याला दोन किंवा तीनच नवी अक्षरं. रोजच्या खेळात तीन येणारी आणि दोन नवी कार्डं, दिवसातून दोन वेळा, दहा-दहा मिनिटं. तीन वेगवेगळ्या दिवशी, क्रम मोडून, तीन सेकंदांत ओळखलं तरच ते अक्षर 'आलं' म्हणायचं.

चित्राच्या फसवणुकीवर फारसं कुणाचं लक्ष जात नाही. 'ब'च्या कार्डावर बकरी असते, पण घरी तिला शेळी म्हणतात. 'क'वर कमळ असतं. आपल्याकडे कोरड्या भागातल्या लेकराने ते पाहिलेलं नसतं, म्हणून ते सरळ 'फूल' म्हणतं. आता त्या कार्डावरचं अक्षर त्याच्या लेखी 'श' आणि 'फ' झालं. तुमच्या गावात ज्या वस्तूला एकच नाव आहे तीच निवडा: घ घराचा, ड डब्याचा, त तव्याचा, ध धण्याचा, भ भगरीचा. शक्यतो काना-मात्रा नसलेल्या अक्षरापासून सुरू होणारा शब्द घ्या. 'ज'साठी ज्वारी रोजच्या ताटातली असली तरी घेऊ नका, कारण तिथं जोडाक्षर आहे आणि लेकराला दिसतो तो अर्धा 'ज'. चित्र कार्डाच्या मागच्या बाजूला काढा. आधी अक्षर ओळखायचं, मग उलटून खातरी करायची.

'ण' आणि 'ळ' यांनी मराठी शब्द सुरू होत नाहीत. म्हणून 'ण बाणाचा', 'ळ बाळाचा' म्हणतो. पण बाकी सगळीकडे 'पहिला आवाज ऐक' असं शिकवलेलं असतं, त्यामुळे लेकरू 'बाण' ऐकून 'ब' उचलतं. त्याचं काहीच चुकलेलं नाही. या दोन अक्षरांच्या वेळी 'शेवटचा आवाज ऐक' असं वेगळं सांगा आणि बाण, कण, सण, नळ, फळ, बाळ असे शेवट ताणून म्हणा.

'च' आणि 'ज' यांचे तर दोन-दोन उच्चार आहेत. चमचा आणि चंद्र यांतला 'च' वेगळा, जाळं आणि जीभ यांतला 'ज' वेगळा. शाळेत चंद्र, घरी चमचा असं झालं तर लेकराला ती दोन अक्षरं वाटतात. आधी एक उच्चार पक्का करा. दोनेक आठवड्यांनी 'हेच अक्षर असंही बोलतं' म्हणून दुसरा सांगा.

डोळा फसतो ती अक्षरं

घ-ध, भ-म, थ-य, ब-व, प-ष, ट-ठ-ढ, ड-इ. चुका फिरून फिरून याच जोड्यांत होतात. यातल्या पहिल्या तीन जोड्यांना एकच किल्ली लागते. घ, म, य यांच्या डोक्यावरची रेष सलग असते. ध, भ, थ यांची रेष डावीकडे मोकळी असते आणि तिथं अक्षराचं वळण किंवा गाठ वर डोकावते. लेकराला 'झाकलेलं डोकं' आणि 'उघडं डोकं' एवढंच सांगा. सहा कार्डांचे दोन ढीग करायला लावा. नावं नंतर.

ही चूक बऱ्याचदा मोठ्यांच्याच हातून सुरू होते. शब्द लिहून झाला की आपण वरून एकच सरळ रेष ओढतो. 'धार' लिहिताना ती रेष 'ध'च्या डोक्यावरूनही गेली की लेकराला फळ्यावर 'घार' दिसते. तेव्हा शिकवताना ध, भ, थ आले की हात उचला, रेष तोडा, आणि हात उचलताना लेकराला दाखवा.

ब-व आणि प-ष यांत फरक पोटातल्या तिरप्या रेघेचा. आधी 'व' पक्का होऊ द्या, मग त्याच्या पोटात रेघ मारून 'ब' करून दाखवा. ट-ठ-ढ मध्ये 'ट' उघडा, 'ठ' बंद, 'ढ'च्या आत वळसा. 'ख'चं दुखणं निराळं आहे: त्याचे दोन भाग खाली जोडले नाहीत तर 'रव' होतो आणि 'खाऊ'चा 'रवाऊ' वाचला जातो. खालचा सांधा लाल करून दाखवावा.

जोडीतली दोन अक्षरं एकाच आठवड्यात शिकवू नका. सारखी दिसतात म्हणून एकत्र शिकवावीत असं वाटतं खरं, पण त्यानेच घोटाळा पक्का होतो. एक अक्षर शिकवा, किमान दोन आठवडे जाऊ द्या, मग दुसरं. दोन्ही वेगवेगळी आली की शेजारी ठेवा. फरकाची जागा आठवडाभर लाल खडूने रंगवा, मग रंग काढून टाका. त्यानंतर वीस चिठ्ठ्या घ्या, दहावर घ, दहावर ध, आणि दोन वाट्यांत निवडायला लावा. सतरा-अठरा बरोबर आल्या की शब्दांवर या: घार-धार, घाव-धाव, भान-मान, वळ-बळ. अक्षर बदललं की अर्थ बदलतो, हे एकदा ध्यानात आलं की लेकरू आपणहून डोळे बारीक करून बघतं.

'ल' आणि 'श' यांच्याबाबत दोष लेकराचा नसतो, छपाईचा असतो. शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाप्रमाणे मराठीत पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' वापरायचा आहे. मोबाइलवर आणि हिंदी पुस्तकांत बहुतेक वेळा दंडाचा 'ल' आणि वेगळ्या वळणाचा 'श' दिसतो. घरी मोबाइलवर अक्षरं दाखवत असाल तर हे आधी तपासा. सुरुवातीला एकच रूप ठेवा, ते पाठ्यपुस्तकातलं.

कान आणि घरची बोली

मराठवाड्यात पुष्कळ घरांत 'पानी', 'लोनी', 'कोन' असंच बोलतात. त्या लेकराच्या कानात 'ण' हा वेगळा आवाज अजून तयारच झालेला नसतो. त्याला 'ण' आणि 'न' दोन चित्रं म्हणून दिसतात, पण नाव एकच ऐकू येतं. मग ते कुठलंही एक उचलतं. काही घरांत 'श' आणि 'स' यांचंही असंच होतं.

इथं आधी खडू बाजूला ठेवा आणि आठ दिवस फक्त ऐकण्याचा खेळ घ्या. तुम्ही 'मन' म्हटलं तर टाळी, 'मण' म्हटलं तर मांडीवर थाप. तसंच सन-सण, वान-वाण. 'ण' म्हणताना जिभेचं टोक मागं वळून टाळूला लागतं, 'न' म्हणताना दातांमागं राहतं. छोटा आरसा हातात द्या आणि लेकराला स्वतःची जीभ बघू द्या. घरच्या बोलीला चूक म्हणू नका. 'घरी आपण पानी म्हणतो, पुस्तकात पाणी लिहितो' एवढं पुरतं. आजीच्या बोलण्याला नावं ठेवली तर लेकरू वर्गात तोंड उघडायचंच बंद होतं, आणि मग कानाची तपासणी करायलाही काही उरत नाही.

दखनी बोलणाऱ्या घरांतल्या मुलांना 'ळ' आणि 'ण' दोन्ही नवे असतात. तोच खेळ, फक्त दुप्पट दिवस. यातली काही मुलं सकाळी मकतबमध्ये, म्हणजे मशिदीजवळच्या छोट्या शाळेत, उर्दू अक्षरं शिकतात. ती लिपी उजवीकडून लिहितात, म्हणून मराठीची पाटीही उजव्या कडेपासून सुरू होते. यात गोंधळून जायचं कारण नाही. मराठीच्या पाटीवर डाव्या कडेला हिरव्या रंगाचा ठिपका द्या, 'इथून निघायचं'. महिनाभरात ठिपक्याची गरज संपते. तांड्यावर गोरमाटी म्हणजे बंजारा बोली आणि देगलूर-बिलोलीकडे तेलुगू बोलणाऱ्या लेकरांसाठी कार्डामागची वस्तू घरच्या भाषेत विचारा आणि मराठी नाव जोडून द्या. वस्तूचं मराठी नावच माहीत नसेल तर पहिला आवाज कुठून सांगणार?

हाताची अडचण

अंगणवाडीतल्या तीन-चार वर्षांच्या लेकराला पेन्सिल देऊन अक्षर काढायला बसवू नये. मनगट आणि बोटं तेवढी तयार नसतात. मूठ करून पेन्सिल धरायची सवय लागते आणि ती पुढं मोडायला फार कष्ट पडतात. त्या वयात तुरीच्या शेंगा सोलणं, धान्यातले खडे वेचणं, कणकेच्या गोळ्या करणं, पाण्यात बुडवलेल्या कुंचल्याने भिंतीवर मोठ्या रेघा ओढणं, हेच लिहिण्याचं काम आहे.

पाच-साडेपाचनंतर ताटात चाळलेली वाळू किंवा सुकी काळी माती एक सेंटिमीटर थराने पसरा. उभी, आडवी, तिरपी रेघ, अर्धा गोल, पूर्ण गोल एवढं बोटाने जमलं की अक्षर घ्या. पाटीवर खडूचा तुकडा दोन सेंटिमीटरचाच द्या. एवढ्याशा तुकड्यावर मूठ बसतच नाही, चिमटीतच धरावा लागतो, आणि पकड न सांगता सुधारते.

अक्षराची दिशा डावीकडून उजवीकडे, वरून खाली, आणि शिरोरेषा सगळ्यांत शेवटी. ठिपके जोडून गिरवायच्या वहीत इथंच बिघडतं: लेकरू ठिपके मनाला येईल तसे जोडतं, चित्र बरोबर दिसतं, पण हाताला चुकीची वाट लागते. पहिल्या ठिपक्यावर १ लिहा आणि बाण द्या, नाहीतर ती वही नको.

पानभर एकच अक्षर लिहायला दिलं तर लेकरू काय करतं ते बाजूला बसून पाहा. आधी पानभर उभे दंड ओढतं, मग प्रत्येकाला डावीकडचं वळण चिकटवतं. काम लवकर उरकतं, अक्षर एकदाही लिहिलं जात नाही. दुसरा प्रकार असा की पहिली ओळ नमुना पाहून लिहिली जाते, दुसरी पहिलीकडे पाहून, आणि दहाव्या ओळीपर्यंत 'ग'चा काना शेजारच्या घरात गेलेला असतो. त्याऐवजी नमुना पाहायचा, झाकायचा, एकदा लिहायचं, उघडून ताडायचं. असं पाच वेळा. पाचांतलं सगळ्यांत चांगलं कोणतं, त्याला गोल लेकरानेच करायचा.

इंग्रजी आधी शिकलेल्या मुलांत आणखी एक गोष्ट दिसते. इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर बसतं, आपलं अक्षर वरच्या रेघेला लटकतं. ही मुलं मराठी अक्षर खालच्या रेघेवर बसवतात आणि डोकी वर-खाली होतात. चौरेघी वही मराठीसाठी वापरू नका. दुरेघी घ्या आणि वरच्या रेघेला 'कपडे वाळत घालायची दोरी' म्हणा.

उलटं लिहिणं, म्हणजे दंड डावीकडे आणि वळण उजवीकडे, सहा-सात वर्षांपर्यंत बऱ्याच मुलांत दिसतं. अंकांत ३ आणि ६ एकमेकांची आरशातली रूपं असल्यासारखे दिसतात, म्हणून तिथं घोटाळा सर्वांत जास्त. आधी ३ पक्का होऊ द्या आणि ६ नंतर घ्या. २ आणि 'र' यांच्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. शब्दात आला की कळतं.

शिकवण्याने सुटणार नाही असं काही

लेकरू कार्ड नाकाजवळ धरतं, फळ्याकडे डोळे मिचकावून बघतं, एक डोळा झाकतं. किंवा कान वारंवार वाहतो, मागून हाक मारली तर वळत नाही. अशा वेळी कार्डं थांबवून आधी डोळे आणि कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. त्या दिवशी लेकराला गैरहजर ठेवू नका आणि काय दिसतंय ते पथकातल्या डॉक्टरांना स्वतः सांगा. वाचनदोषाचा शिक्का मात्र पहिलीत कुणी मारू नये. दुसरी संपत आली, रोजचा सराव नीट झाला, डोळे-कान ठीक आहेत, आणि तरीही पंधरा-वीस अक्षरांपलीकडे गाडी जात नाही, तेव्हा तज्ज्ञाकडे जायचं.

फडावर जाणाऱ्या लेकरांसाठी

बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत लेकराचं शिकणं नेमकं पहिल्या पंधरा अक्षरांवर तुटतं आणि मार्च-एप्रिलपर्यंत तसंच राहतं. हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांजवळ राहायची सोय असेल तर ती पहिली पसंती. सोबत न्यावंच लागलं तर जाण्याआधी शिक्षकांनी त्या लेकराला 'आलेल्या' अक्षरांची कार्डं, पाच नवी कार्डं, पाटी आणि खडूंचा डबा पिशवीत घालून द्यावा. कार्डामागचं चित्र इथं खऱ्या उपयोगाला येतं: आईला वाचता येत नसलं तरी लेकराने 'डबा' म्हटलं आणि मागं डबा निघाला की तिला बरोबर-चूक कळतं. कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, चूल पेटलेली असताना भाकरी होईपर्यंतचा वेळ दहा कार्डांना पुरतो. मोठी बहीण सोबत असेल तर नवी पाच कार्डं तिला आधी शिकवून पाठवा.

परत आल्यावर पहिल्या दिवशी 'अ'पासून सुरू करू नका. पिशवीतली कार्डं काढा, तीच दहा मिनिटांची तपासणी करा, येणारी बाजूला ठेवा आणि उरलेल्यांतल्या दोनांवर काम सुरू करा.